शाल धुवायची राहिली

३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आरतीस,

आशीर्वाद. ते सवयीने लिहिले गेले आहेत, राग गेलेला नाही.

फोन तू उचलत नाहीस. कल्याणच्या मोबाईलवरून केला तर माझा आवाज ऐकताच कट करतेस. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच खूण येते, म्हणजे तू मला ब्लॉक केलंय, असं तुझ्या नवऱ्याने मला समजावून सांगितलं. सासऱ्याला ब्लॉक करायचीही सोय निघाली आहे, हे मला माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र. पोस्टमन अजून तरी ब्लॉक होत नाही.

तू संस्कृतीला घेऊन माहेरी गेलीस त्याला आज पाच दिवस झाले. हळदीकुंकवाला मी काय बोललो ते इथे लिहून ठेवतो, कारण पारनेरहून पाथर्डीला पोचेपर्यंत त्याला शेपटं फुटली असणार. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. शेजारच्या सविताने पोरीला घ्यायला हात पुढे केले. मी म्हणालो, "तिला घेऊ नकोस सविता, तिला खरूज आहे. आजोळच्या कोपीतून घेऊन आली आहे." एवढंच. सहा महिन्यांच्या लेकराची काळजी म्हणून बोललो. बायकांनी वाणाच्या वाट्या तिथेच ठेवल्या आणि उठल्या, त्याला मी काय करणार?

आणि यात खोटं काय होतं? नोव्हेंबरात बाळंतपण उरकून इकडे येताना तूच वाट वाकडी केलीस. तुझे वडील श्रीमंतराव ऊसतोडीला गेलेले, त्यांनी नात पाहिली नव्हती, हे मान्य. पण तीन महिन्यांचं लेकरू उसाच्या फडातल्या झोपडीत, त्या कोपीवर न्यायचं, पाचटावर टाकलेल्या वाकळेवर निजवायचं, ही कुठली रीत? पुढच्या महिन्यात पोरीच्या तळहातांवर, तळपायांवर, काखेत बारीक फोड आले. झोप नाही, दूध नाही, नुसतं रडणं. दोन अधिक दोन चार होतात. मी तेहतीस वर्षं तेच शिकवलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं घरात झालं. तू फ्रिजवर यादी चिकटवलीस: एकाच दिवशी सगळ्यांनी औषध लावायचं, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, बाळाला डोक्यापासून, सकाळी आंघोळ, कपडे नि अंथरुणं उकळत्या पाण्यात. डिसेंबरात एकदा, जानेवारीत एकदा. दोन्ही वेळा प्रत्येकाच्या हातात बाटली दिली गेली. दोन्ही वेळा पोरगी पंधरवडाभर निवळली आणि पुन्हा तेच. मग दोष कुणाचा? औषधाचा की मुळाचा?

एका गोष्टीवरून तू तोंड वाकडं केलंस ती माझी शाल. आदर्श शिक्षक पुरस्काराची शाल उकळत्या पाण्यात घालायची वस्तू नाही. बाकीच्या अकरा सत्काराच्या शाली तू उकळल्यास, मी चकार शब्द काढला नाही.

आठ दिवसांत परत ये. सासू काही बोलत नाही, पण भाकरी थापताना परात आपटते.

काकासाहेब औटी
निवृत्त मुख्याध्यापक

१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आरतीस,

आठ दिवस झाले. नऊ झाले. उत्तर नाही.

कल्याण रविवारी तुझ्याकडे येऊन गेला. एरवी नागापूरच्या कंपनीतून सुटला की घरी येऊन माझ्याजवळ बसायचा. आता हातपाय धुतो आणि आत जातो. पोरगी कशी आहे विचारलं तर "बरी हाय" म्हणाला. बरी म्हणजे काय? फोड सुकले का? झोपते का? मी माझ्याच पोराकडून उत्तर काढतोय, तोंडी परीक्षेत मठ्ठ विद्यार्थ्याकडून काढावं तसं.

तू मला जुन्या वळणाचा समजतेस म्हणून आठवण करून देतो. तू पाथर्डीला बाळंतीण होतीस तेव्हा पोरीच्या नाकावर पांढरे बारीक दाणे आले. तुझी आई झुंबरबाई कणकेच्या गोळीने ते रगडून काढायला निघाली होती. व्हिडिओ कॉलवर कोण ओरडलं? मी. ते आपोआप जातात, पंधरा दिवस हात लावू नका, हे मी सांगितलं. टाळूवर पिवळी खपली धरली तेव्हा ओरबाडू नका, तेल लावून मऊ होऊ द्या, हेही मीच. दोन्ही वेळा डॉक्टर नंतर तेच म्हणाले. लेकरांची कातडी मला कळते. आयुष्यभर मी लेकरांचेच हात पाहिले.

रोज प्रार्थना झाली की नखं आणि हात. मुलं रांगेत उभी, हात पुढे, बोटं फाकवलेली. बोटांच्या बेचक्यात पुरळ दिसली की तो मुलगा व्हरांड्यात. बरा झाल्याशिवाय वर्गात नाही. माझ्या वर्गात खरूज टिकली नाही, याचा उल्लेख पुरस्काराच्या मानपत्रात आहे. छगन नावाचा एक पोरगा तर अख्खा पावसाळा व्हरांड्यात होता. ऊसतोडीवाल्यांचाच. पण बाकीची चाळीस मुलं वाचली ना?

इकडे थंडी हटेना. अंग खरखरीत होतं, मी पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकून आंघोळ करतो. पूर्ण बाह्यांचे शर्ट काढले आहेत. पारावर जाणं बंद केलं आहे, तिथे हल्ली सगळे रिकामटेकडे बसतात.

सकाळी ओसरीत ऊन येतं आणि मी खुर्ची टाकून बसतो. पोरगी इथे होती तेव्हा आठ ते दहा ती माझ्या छातीवर असायची, वरून शाल. ऊन अंगाला लागलं की ती जांभई द्यायची आणि माझा अंगठा धरून झोपायची. आता नुसती शालच मांडीवर घेऊन बसतो. ते बरं दिसत नाही, हे मला कळतं.

परत ये.

काकासाहेब

२० फेब्रुवारी २०२५

आरतीस,

तुझं कार्ड मिळालं. तीन आठवड्यांत एक ओळ. "मामा, दोन्ही वेळा तुम्ही औषध लावलं होतं का? एवढंच सांगा."

सून सासऱ्याला जाब विचारते, तोही उघड्या कार्डावर. पोस्टमन मच्छिंद्र ते वाचूनच घेऊन आला. माझ्या हातात देताना मान खाली घालून हसत होता. तो माझाच विद्यार्थी आहे, तेव्हा वाचता येतं त्याला.

मी या गावात सात वर्षं मुख्याध्यापक होतो. माझ्या शब्दावर लोकांनी आपल्या मुलींची शाळा चालू ठेवली. ग्रामसभेत मी उभा राहिलो की सरपंच गप्प बसतो. आणि माझी सून मला विचारते, औषध लावलं का. लहान मुलाला विचारावं, दात घासले का. माझी बाटली तू स्वतः पाहिली होतीस. न्हाणीच्या कट्ट्यावर रिकामी होती. रिकाम्या बाटलीवर तुझा विश्वास नसेल तर माझ्या अक्षरावर तरी कशाला बसेल?

तुझ्या आईला विचार, तिने लावलं होतं का. तुझ्या वडिलांना विचार. फडातल्या दहा कोप्यांना विचार. चौकशी करायची तर मुळापासून करावी.

तुझ्या सासूने, रतनबाईने, ते कार्ड माझ्या टेबलावरून उचललं. तिला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर लावते. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवून दिलं. का, ते तिलाच ठाऊक.

या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही.

काकासाहेब औटी

२ मार्च २०२५

आरतीस,

कल्याणने परवा संस्कृतीचा फोटो दाखवला. पालथी पडून मान वर केलेली. तळहात जमिनीवर टेकलेले. मी फोटो मोठा करून पाहिला. हात स्वच्छ आहेत. कल्याण म्हणतो, गेल्यावर तुम्ही तिघींनी औषध लावलं, आठवड्याने परत लावलं, आणि पोरगी आता सलग झोपते.

पोरगी तिथे झुंबरबाईच्या घरात बरी झाली. आणि इथे, जिथे तू नाहीस, पोरगी नाही, कोपी नाही, तिथे रतनबाई भाकरी करताना मनगट परातीच्या कडेवर घासते. कल्याणलाही सुरू झालं आहे. मी दोन दिवस हे गणित पुन्हा पुन्हा मांडलं. उत्तर एकच येतं आणि मला ते मान्य नाही.

काल मी आरोग्य केंद्रात गेलो. रतनबाईसाठी गेलो. औषधाच्या खिडकीपाशी चष्मा लावलेला एक माणूस. मला बघून उठला, बाहेर येऊन पाया पडला. मी ओळखलं नाही.

"छगन, गुरुजी. तिसरीला हुतो तुमच्याकं."

मी सांगितलं, बायकोला आणि मुलाला खाज आहे. त्याने सगळं विचारलं, कधीपासून, घरात किती माणसं, लहान कुणी आहे का. मग म्हणाला, "गुरुजी, बाह्या वर करा जरा."

मी म्हणालो, थंडी आहे.

मार्चमधल्या दुपारचे दोन वाजले होते, बाई. पंखा फुल्ल होता. छगनने एकदा माझ्या बाह्यांकडे पाहिलं. तीन बाटल्या काढून ठेवल्या. मी दोनच मागितल्या होत्या. म्हणाला, "घरात एक मानूस जरी राह्यला तरी समद्यांचं वाया जातं, गुरुजी. त्याचंच परत समद्यांना हुतं. लेकराला तर पहिलं."

मी त्याला विचारायला नको होतं, पण विचारलं. म्हटलं, तुला व्हरांड्यातलं आठवतं का? वाटलं, म्हणेल, छे हो गुरुजी, किती वर्षं झाली.

"आठवतं की. तिथून फळा दिसायचा न्हाई. ऐकू यायचं फक्त. माझं पाढे समदे ऐकून पाठ झाल्यात." मग म्हणाला, "आयनं मला कुनाला दाखवलंच न्हाई नंतर. अंगभर फडकी गुंडाळून ठिवायची. धाकटी भैन झाली तिलाबी झालं. पार पू झाला तिच्या अंगात, तवा कुठं दवाखान्यात नेलं."

बहिणीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. बाटल्या घेऊन आलो. तिसरी बाटली माझ्या टेबलाच्या खणात आहे. मला सगळ्यांचा वैताग आला आहे. तुझा, छगनचा, कल्याणच्या गप्प बसण्याचा, या उन्हाचा, या शर्टाचा. सगळ्यात जास्त कुणाचा, ते लिहायला हात वळत नाही.

का. औटी

१६ मार्च २०२५

आरती,

नाही. दोन्ही वेळा लावलं नव्हतं.

तुझ्या कार्डाचं उत्तर एवढंच आहे. तीन आठवडे लागले. आता बाकीचं लिहितो.

ऑक्टोबरात मी निवृत्त शिक्षकांच्या अधिवेशनाला गेलो होतो. तीन रात्री कार्यालयातल्या भाड्याच्या गाद्यांवर झोपलो. दिवाळी झाली आणि माझ्या डाव्या हाताच्या बेचक्यात खाज सुरू झाली. तू पोरीला घेऊन आलीस ती त्यानंतर दहा दिवसांनी. नंतर, आरती. तू यायच्या आधीपासून मला होतं. मी ते पाहताक्षणी ओळखलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेचक्यात तेच शोधलं, ओळखणार नाही का? पण मी स्वतःला सांगितलं, थंडी आहे. आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बसून पोरीला छातीवर घेतलं. रोज घेतलं. वरून ती शाल.

तू बाटली हातात दिलीस तेव्हा वाटलं, ही लावली म्हणजे झालं, मी कबूल केलं. हात दाखवून अवलक्षण कशाला? डिसेंबरातली न्हाणीच्या मोरीत ओतली. जानेवारीतलीही. रिकामी बाटली स्वच्छ धुऊन कट्ट्यावर ठेवली, तुला दिसावी म्हणून. तू सकाळी यादीवर माझ्या नावापुढे खूण केलीस ते मी पाहत होतो. पोरगी परत रडायला लागली तेव्हा मला कारण माहीत होतं. मग मला दुसरं कारण हवं होतं. कोपी सापडली.

हे सगळं मी आधी रतनबाईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हाईत हाय. शर्टाच्या बाह्या मीच धुते न्हवं. रगताचं ठिपकं काय माला दिसत न्हाईत? तुमी सांगाल म्हनून थांबले." मी विचारलं, मग आरतीला का नाही सांगितलंस. त्यावर ती रडली. म्हणाली, "चुकलं माजं. तुमच्या इज्जतीपायी पोरगी घालवली मी घरातनं." नंतर डोळे पुसून म्हणाली, "आपलं ठिवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ह्ये आता बास. चार बायांत बोललाय, चार बायांतच फेडा."

मी दोन दिवस टाळलं. दोन दिवस तिने मला वाढलं, पण समोर बसली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांना चहाला बोलावलं. मी ओसरीवर उभा राहिलो. भाषणं मी शेकड्याने केली आहेत. त्या दिवशी तीन वाक्यं जमेनात. म्हणालो, "खरूज आरतीने आणली नाही. माझी होती, मी लपवली, माझ्यापासून नातीला झाली. मी तिच्या माहेराला नावं ठेवली ते खोटं होतं." आणि बाह्या वर केल्या.

चुलीवर चहा उतू गेला. मग सविता म्हणाली, "गुरुजी, आमच्या दोन्ही पोरांना हाय. तवाच निघालं हुतं. तुमी आरतीला तसं बोलला, मंग म्या म्हनलं, आपल्याला काय म्हनतील? झाकूनच ठिवलं." तिच्या मागची म्हणाली, आमच्याकडंबी. मग आणखी एक. अकरा घरं निघाली, आरती. माझ्या एका वाक्याने अकरा घरांनी आपली लेकरं फडक्यात गुंडाळून ठेवली होती. आणि मी मानपत्रातलं ते वाक्य फ्रेम करून भिंतीला लावलं आहे.

दुसऱ्या दिवशी छगन पेटी घेऊन आला. आमच्या घरी पहिल्यांदा. मला त्याची माफी मागायची होती. बाह्या वर केल्या आणि हात पुढे धरले. त्याने बोटं फाकवून पाहिली, मनगट उलटं करून पाहिलं. म्हणाला, "तीन म्हैनं झालं असतील, गुरुजी."

"चार," मी म्हणालो.

निघताना मी त्याला बहिणीचं विचारलं. "हाय की," म्हणाला. "राहुरीला दिलीय. तिला दोन पोरं हायेत." मी खुर्चीत बसलो.

त्याच दिवशी आम्ही तिघांनी औषध लावलं. पाठीवर माझा हात पोचत नाही, तिथे रतनबाईने लावलं. काल आठवड्याने परत लावलं. खाज अजून आहे, छगन म्हणतो किडा मेला तरी दोन-तीन आठवडे राहते. कपडे, गोधड्या, सगळं उकळलं. शालही. चुलवणावरच्या पातेल्यात टाकली तसा तिचा लाल रंग सुटला आणि कल्याणची चार बनियनं गुलाबी झाली. तो ती घालून कंपनीत जातो. वाळल्यावर शाल टॉवेलएवढी राहिली. मी घडी करून कपाटात ठेवली, रतनबाईने बाहेर काढून खुर्चीवर टाकली.

तू परत ये, असं मी या पत्रात लिहिणार नाही. मागच्या पत्रांत लिहिलं ते हुकूम होते, ते फाडून टाक. तुझ्या वडिलांना वेगळं पत्र लिहिलं आहे, फडाच्या पत्त्यावर. त्यांना वाचून दाखवायला कुणी असेल अशी आशा आहे. त्यांच्या वाकळेला मी जे बोललो, ते त्यांच्यासमोर उभं राहून परत घेईन. हंगाम संपून ते गावी आले की कळव.

पाडव्याला कल्याण येतो आहे. मी त्याच्याबरोबर येईन. घरात येणार नाही, तुमच्या दारासमोरच्या कट्ट्यावर बसेन. तू बाहेर ये. माझे हात बघ. बोटं फाकवून बघ, बेचके, मनगटं, कोपरं, जसं मी बघायचो तसं. काही दिसलं तर पोरीला माझ्याकडे देऊ नकोस, मी उठून जाईन आणि पुन्हा औषध लावीन. काही दिसलं नाही तरी द्यायची की नाही, ते तूच ठरव. मला तिची खूप आठवण येते. एवढं मात्र तुला माहीत असावं.

मामा

ता. क. नखं कापली आहेत.